रुद्रचं उत्तर

"आला का हो दुसरा भाग?"

"अस्तर कुठलं देऊ ते सांगा आधी."

"अस्तर द्या कुठलंबी. दुसरा भाग आला का ते सांगा."

सुलभावहिनींनी मोरपंखी ब्लाउजपीस काउंटरवर टाकला आणि तो भाग मीच गल्ल्याखाली दडवून ठेवलाय अशा नजरेनं माझ्याकडे बघत राहिल्या. मी कात्री इतक्या रागानं चालवली, की अस्तर तिरकं कापलं गेलं. मॅचिंग सेंटर चालवणाऱ्या बाईला याहून लाजिरवाणं काही नाही. तो तुकडा बाजूला टाकून मी दुसरं कापायला घेतलं.

"नाही आला. आणि परत विचारू नका. सकाळपासून हेच चाललंय."

"मी विचारणार. पहिला भाग तुम्हीच गळ्यात मारलाय माझ्या."

ते मात्र खरं होतं.

ही दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. तासगावात माझं मॅचिंग सेंटर तेव्हाही होतं. फॉल, अस्तर, परकर, लेस, हुक, आणि कोपऱ्यातल्या मशीनवर फॉल-बीडिंग करणारी परवीन. परकरांच्या कप्प्याशेजारी मी एक कप्पा रिकामा केला होता आणि त्यात कादंबऱ्या लावल्या होत्या. साध्यासुध्या नाहीत, प्रेमाच्या. त्याही स्वतः लिहून स्वतः छापणाऱ्यांच्या. लिहिणारीच छापून घेणार, तीच फोनवर ऑर्डर घेणार, तीच पार्सल बांधून कुरियरला टाकणार. मुखपृष्ठावर मावळता सूर्य आणि पाठमोरं जोडपं. आत छपाईच्या चुका ढीगभर. पण माणसं कशी, तर ऐन पाहुणे आल्यावर गॅस संपला म्हणून भांडणारी, मेसेज वाचून उत्तर दिलं नाही म्हणून जळणारी, घराच्या हप्त्यापायी लग्न पुढं ढकलणारी. नामांकित कादंबऱ्यांत प्रेम केलं की शेवटी कोणीतरी मरतं, नाहीतर वेडं होतं. माझ्या या पुस्तकांत माणसं धडपडून का होईना, भेटायची. मला ते आवडायचं. माझ्या लग्नात मला कोणी काही विचारलं नव्हतं. इथं प्रत्येक पानावर कोणीतरी कोणालातरी काहीतरी विचारत असायचं.

आमचे हे म्हणायचे, "पोरीच्या लग्नाचं बघायचं वय आणि तू कसली प्रेमं वाचतेस?"

"तुम्ही केलं नाही म्हणून वाचते," मी म्हणायचे. मग ते पेपर तोंडापुढं धरायचे.

वाचनालयात एक प्रत भेट द्यायला गेले, तर तिथल्या माणसानं ती दोन बोटांत धरली. "प्रकाशक कोण?" म्हणाला. मी म्हणाले, "लेखिकाच." "मग नको," म्हणाला आणि परत दिली. तेव्हापासून मी इरेला पेटले होते. ब्लाउजपीस घ्यायला आलेली बाई पुस्तक घेतल्याशिवाय जाऊ द्यायची नाही, असा माझा खाक्याच झाला होता.

या सगळ्यांत माझी लाडकी लेखिका म्हणजे 'अबोली'. मिरजेची, एवढंच पार्सलवरून माहीत होतं. तिची 'सहाव्या मजल्यावरचं ऊन' आली आणि तासगावच्या निम्म्या बायका खुळ्या झाल्या. एक प्रकरण तन्वी सांगते, पुढचं तिचा नवरा रुद्र सांगतो, मग परत तन्वी. पहिल्या भागाच्या शेवटी तन्वी बॅग भरून दारात उभी असते आणि विचारते, "रुद्र, मी नसले की तुला माझी आठवण येते, की सवय मोडल्याचा नुसता त्रास होतो?"

आणि खाली छापलेलं, 'भाग पहिला समाप्त'.

दुसरा भाग दोन महिन्यांत येणार होता. वर्ष होत आलं. आधी फोनवर "लिहितेय" असं उत्तर मिळायचं, मग तेही मिळेना. इकडं बायका माझं डोकं खात होत्या, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याहून मीच जास्त कावले होते. स्वयंपाक करतानाही तो रुद्र माझ्या डोळ्यांपुढं दारात मख्खासारखा उभा असायचा.

"फोननं काय हुतंय ताई?" परवीन मशीनवरची मान वर न करता म्हणाली. "जाऊन दारात उभं ऱ्हावा. मी बघते दुकान."

मी दुसऱ्या दिवशी मिरजेची एसटी धरली.

पत्ता शोधत तिसऱ्या मजल्यावर गेले. दार उघडलं ते पस्तिशीच्या, बारीक चणीच्या, चष्मा लावलेल्या बाईनं.

"अबोली?" मी विचारलं.

"सुमेधा. सुमेधा मगदूम. अबोली फक्त पुस्तकावर. आपण?"

"तासगावची प्रमिला. मॅचिंग सेंटर."

"अगंबाई, तुम्ही!" तिनं माझे दोन्ही हात धरले आणि मला आत नेऊन खुर्चीत बसवलं. मी रागवायचं ठरवून गेले होते, म्हणून पाणी पिऊन लगेच सुरुवात केली.

"बायका मला जगू देईनात. एवढा कसला वेळ लागतोय? आजारी आहात का? नोकरीमुळं लिहून होत नाही का?"

"नोकरी आहे, दवाखान्यात रक्त तपासते. पण माझं लिहून झालंय हो," ती म्हणाली. "आता माझं नाही, रुद्रचं प्रकरण आहे."

"मग लिहा की रुद्रचं!"

"ते मी लिहीत नाही. भरत लिहितो. माझा नवरा."

आम्ही सगळ्या जणी एका बाईच्या लिखाणावर जीव टाकत होतो आणि त्यातला अर्धा जीव कोणा भरत मगदूमवर टाकला होता म्हणायचा.

तिनं चहा ठेवला आणि ओट्याला टेकून सांगायला लागली. "लग्न झालं त्या वर्षी गंमत म्हणून सुरू केलं. एक प्रकरण मी लिहायचं, पुढचं त्यानं. मध्ये त्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. तन्वीनं काही विचारलं, तर रुद्रनं त्याच्या प्रकरणात उत्तर द्यायचं. इतकी मजा यायची! मग हळूहळू घरात बोलणंच कमी झालं. दूध आणलं का, बिल भरलं का, एवढंच. बाकी सगळं प्रकरणात. मला त्याचा राग आला की तन्वी चिडायची. भरत कधी माफी मागत नाही, पण रुद्र मागायचा."

"म्हणजे तो शेवटचा प्रश्न..."

"माझाच आहे."

"मग तोंडानं विचारा की त्याला सरळ!"

"तोंडानं विचारलं तर 'काहीतरीच काय' म्हणेल. कशालाही तेच म्हणतो. लिहिताना मात्र खरं लिहितो. मनानं रचायला त्याला येतच नाही. जे घरात असतं, तेच लिहितो." तिनं कपात चहा गाळला. "त्यानं ते वाचलं आणि काही बोलला नाही. मग सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, म्हणून जयसिंगपूरला गेला. त्या आता गहू निवडून दळणाला जातात. तो अजून तिथंच आहे."

जयसिंगपूर म्हणजे काही सातासमुद्रापार नाही. मिरजेहून रोज ये-जा करणारी माणसं आहेत.

"मला नाशिकच्या एका दवाखान्यात नोकरी मिळालीय," ती म्हणाली. "दिवाळीनंतर हजर व्हायचंय. त्याचं प्रकरण आलं तर बघेन काय करायचं ते."

"आणि नाही आलं तर?"

"साखर कमी चालेल ना तुम्हाला?"

मला राहवेना. "अहो, तुम्हीच लिहून टाका रुद्रचं! कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल," ती म्हणाली.

परतीच्या एसटीत मी इतकी धुमसत होते, की तिकीट काढायचं विसरले आणि कंडक्टरच्या दोन शिव्या खाल्ल्या. पुढच्या दोन दिवसांत जयसिंगपूर गाठलं. भरत मगदूम शेतीपंपांच्या एका एजन्सीत होता. सुमेधानं वर्णन केलं नसतं तर मी ओळखलाच नसता. रुद्र म्हणजे उंच, सावळा, बाह्या दुमडलेला. हा गोलमटोल, खिशाला दोन पेनं, गिऱ्हाईकाला पंपाची माहिती देताना घाम पुसणारा. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं आधी मागं वळून मालक बघत नाही ना ते पाहिलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं मी लिहितो म्हणून?"

"तुमच्या मिसेसनी. प्रकरण कुठाय?"

"सुचत नाही हो."

"इतके महिने?"

"बसतो की रोज. एक ओळ लिहितो, खोडतो."

"का खोडता?"

"काही लिहिलं तरी ती वाचणार ना."

"अहो, वाचण्यासाठीच लिहायचं असतं!" माझा आवाज चढला. पंप बघणारा एक शेतकरी वळून बघायला लागला. मी आवाज खाली आणला. "नाशिकचं माहीत आहे का तुम्हाला?"

"आहे."

"मग?"

त्यानं टेबलावरचे नटबोल्ट एका ओळीत लावायला घेतले. ते लावून झाल्यावर परत मोडले. माणूस वाईट नव्हता, हे मला दिसत होतं. वाईट असता तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. चांगल्या माणसाच्या गप्प बसण्यापुढं काही चालत नाही, आणि त्याचाच मला संताप येतो.

"तुमची पुस्तकं वाचणाऱ्या बायका कधी बघितल्यात?" मी विचारलं.

"नाही बुवा. पार्सलं ती करते."

"बाजारच्या दिवशी तासगावला या. नुसतं येऊन बसा. काही बोलू नका."

येईल असं मला वाटलं नव्हतं, पण आला. मी त्याला काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं, "हे इचलकरंजीचे. अस्तरवाले."

ते ऐकताच सुलभावहिनी त्याच्यावर घसरल्या. "तुमचंच का ते लाल अस्तर? एका धुण्यात रंग गेला की हो! ब्लाउज वाया गेला माझा."

"सॉरी हं वहिनी," तो चटकन म्हणाला. "चुकलं आमचं. पुढच्या वेळी नीट बघून देतो."

न विकलेल्या अस्तराची माफी त्यानं इतकी सहज मागितली, की मला हसू आलं. मी विषय काढला. "वहिनी, त्या रुद्रनं काय उत्तर द्यावं असं वाटतं तुम्हाला?"

"त्या मेल्यानं?" वहिनींना तेवढंच पाहिजे होतं. त्या स्टूल ओढून बसल्या. "आता किती दिवस दारात उभी करणार त्या पोरीला? त्यानं म्हणावं, सवय मोडली की माणूस चिडचिड करतो. आठवण आली की गप्प होतो. आणि मी तर गप्पच झालोय बघ, तन्वी."

"वा वैनी!" परवीननं मशीन थांबवलं. "मी सांगू? त्यानं म्हणायचं, तू गेल्यापासनं मी दाराची वरची कडी लावत न्हाई. रातच्याला आलीस तर तुझ्या किल्लीनं दार उघडाय पायजे."

माझ्या अंगावर काटा आला. वहिनींनी पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "गं बया, परवीन, तूच लिही की कादंबरी."

भरत स्टुलावर अवघडून बसला होता. मी त्याला बोलू नका म्हणून सांगितलं होतं, तरी त्यानं घसा खाकरला.

"समजा," तो म्हणाला, "त्याला कळतच नसंल तर? म्हणजे, बरं वाटत नाही, घरात पाय टाकवत नाही, एवढं कळतंय. पण ती आठवण हाय का सवय, हेच त्याला कळत नसंल तर?"

"मग बावळट म्हणायचा," सुलभावहिनी म्हणाल्या. "असला हिरो असतोय व्हय कुठं? एवढी तीनशे पानं वाचली आम्ही, ते त्याला काय कळत न्हाई हे वाचायला?"

"पैसं परत मागतील बायका," परवीन म्हणाली.

सगळ्या हसल्या. मीही हसले. तोही हसला आणि खिशातला रुमाल काढून मान पुसली. जाताना म्हणाला, "कडीचं चांगलं होतं."

पंधरा दिवसांत तो दुकानात हजर. हातात पाकीट. "प्रकरण झालं," म्हणाला. "तुम्हीच द्या तिला. मी गेलो तर दारातच काहीतरी बोलणं होईल." मी म्हणाले, "अहो, घर तुमचं आहे." तो म्हणाला, "आधी वाचू दे तिला." आणि आलेल्या पावली गेला.

एसटीत मी ते पाकीट उघडलं. उघडायला नको होतं, पण एवढे महिने तिष्ठत बसलेल्या वाचकाकडून कोणी जास्त अपेक्षा करू नये. काय लिहिलं होतं त्यानं! तन्वी निघून गेलेली, रुद्र एकटाच घरात. दाराची वरची कडी काढलेली. सवय मोडली की माणूस चिडतो, आठवण आली की गप्प होतो. परवीनची कडी, वहिनींचं वाक्य, शेजारी रुद्रचे स्वतःचे दोन-चार उसासे. आमच्या बायका पुस्तकात आल्या म्हणून मला कोण आनंद झाला! कवठे एकंद मागे पडेपर्यंत माझे डोळे पुसून झाले होते.

सुमेधानं ते उभ्यानंच वाचलं, खिडकीशी. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले होते. पहिलं पान उलटल्यावर तिनं परत मागचं पान काढलं, एक जागा दुसऱ्यांदा वाचली आणि पुढं सावकाश शेवटपर्यंत गेली.

"तुम्हाला आवडलं?" तिनं विचारलं.

"म्हणजे काय! रडले मी एसटीत."

"हो. सगळ्यांना आवडेल," ती म्हणाली आणि कागद नीट जुळवून टेबलावर ठेवले. "शेवटचं माझं प्रकरण मी या आठवड्यात संपवते. महिनाभरात पुस्तक तुमच्या दुकानात असेल."

मी तिला मिठीच मारली. ती जरा ताठ होती, पण मुळातच अबोल बाई, असं मी मनाशी म्हटलं. खाली येऊन भरतला फोन लावला. "वाचलं त्यांनी. आता जाऊन भेटा," मी म्हणाले. तो म्हणाला, "काय म्हणाली?" मी म्हणाले, "आवडेल म्हणाली." मग म्हणाला, "आवडलं म्हणाली का आवडेल?" मी म्हणाले, "एकच की ते!"

पुस्तक आलं. तन्वी परत येते, "राहशील ना?" असं रुद्रनं विचारल्यावर बॅग खाली ठेवते आणि "हो" म्हणते, आणि सहाव्या मजल्यावर ऊन येतं. तासगावात जी धमाल उडाली ती काय सांगू. कडीच्या पानाशी परवीननं बीडिंगचा रंगीत दोरा घालून ठेवला आणि येणाऱ्या प्रत्येकीला ते पान उघडून दाखवलं. सुलभावहिनी माहेरी प्रती घेऊन गेल्या. आणलेला गठ्ठा आठवड्यात संपला. आणखी प्रती आणायच्या म्हणून मी मिरजेला निघाले, तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. चिवडा-लाडूचा डबा घेतला आणि दोघांसाठी म्हणून एक जांभळा ब्लाउजपीस आणि शर्टाचं कापड घेतलं. वर्षभराच्या कटकटीनंतर माझं मन पहिल्यांदा हलकं झालं होतं.

तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडंच होतं. आत खोकी. पुस्तकांची, भांड्यांची. सुमेधा जमिनीवर बसून एक खोकं भरत होती.

"कुठं हलताय? मोठं घर घेतलं?" मी विचारलं.

"नाशिक. परवा निघतेय."

"आणि भरत?"

"तो इथंच. म्हणजे, जयसिंगपूरला."

मी डबा कुठं ठेवला ते मला आठवत नाही. एवढं आठवतं, की मी उभ्या उभ्या भांडायला लागले. "म्हणजे काय? एवढं सुंदर उत्तर दिलं त्यानं! अजून काय पाहिजे होतं तुम्हाला? आणि जायचंच होतं, तर पुस्तकात हो कशाला म्हणालात?"

"तन्वी हो म्हणाली. तिला उत्तर मिळालं. तुम्हा सगळ्यांना तरी किती दिवस लटकवून ठेवायचं?"

"आणि तुम्हाला? तुम्हाला नाही मिळालं?"

ती उठली आणि दारापाशी गेली. "हे बघा," म्हणाली. तिनं हात वर करून दाराच्या चौकटीवरून फिरवला. "आमच्या दाराला वरची कडी नाहीच आहे. कधीच नव्हती. ते वाचलं आणि कळलं, हे त्याचं नाही. कोणीतरी सांगितलेलं आहे. छान आहे, पण त्याचं नाही. एवढे महिने मी थांबले आणि त्यानं दुसऱ्याचं आणून दिलं."

पण तरीही माझी हार मानायची तयारी नव्हती. "अहो, बायकांना बरं वाटावं म्हणून लिहिलं असेल. शेवट गोड नको का व्हायला?"

"मला गोड नको होता," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "मी काय मागत होते? 'मला कळत नाही' एवढं लिहायचं होतं त्यानं. आठवण आहे की सवय आहे, मला कळत नाही. एवढं एक वाक्य त्याचं स्वतःचं आलं असतं ना, तर मी नाशिकला नाही म्हणून कळवलं असतं. दोघं मिळून शोधलं असतं काय आहे ते."

मला एकदम हुरूप आला. मी तिचा दंडच धरला.

"अहो, तो म्हणाला होता! हेच म्हणाला होता, शब्द न् शब्द! त्याला कळत नाही म्हणून. माझ्या दुकानात, स्टुलावर बसून! देवाशप्पथ सांगते. वहिनींनी त्याला बावळट म्हटलं, म्हणून त्यानं लिहिलं नाही. हे त्याचंच होतं सुमेधा, स्वतःचं होतं!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, जमलं. आता ती फोन उचलेल. टेबलावरच होता फोन.

"कोणाला म्हणाला?" तिनं विचारलं.

"आम्हाला. सगळ्यांसमोर."

"कोण म्हणून?"

"मी सांगितलं होतं, अस्तरवाले आहेत म्हणून."

"तुम्हाला म्हणाला," ती म्हणाली.

मी दंड सोडला. ती खाली बसली, खोक्याची झाकणं तिनं दोन्ही बाजूंनी मिटवली, पण झाकणं परत उघडत होती. तेव्हा तिनं मला ती जरा दाबून धरायला सांगितली. मी गुडघे टेकून बसले आणि तिची चिकटपट्टी लावून होईपर्यंत दोन्ही हातांनी दाबून धरली.